पोलीस अटक करायला आले तर : पहिल्या चोवीस तासांत काय विचारायचं, काय मागायचं, कशावर सही करायची

"साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटं स्टेशनला चला." बऱ्याच अटकांची सुरुवात अशीच होते. अटक हा शब्द कुणी काढत नाही, माणूस चपला घालून निघतो, आणि घरच्यांना रात्री कधीतरी कळतं की तो आत आहे, कशासाठी ते मात्र कळत नाही. कायद्यात आपल्यासाठी हक्क भरपूर लिहिलेत, अगदी संविधानाच्या कलम २२ पासून, पण स्टेशनात उभं राहून आवाज चढवला म्हणून ते मिळत नाहीत. ते मिळतात वेळ आणि कागद यांच्या जोरावर, म्हणजे किती वाजता नेलं, कुणी नेलं, कोणता कागद दिला, कुठला दिला नाही. पुढे कोर्टात वकील भांडतो तो याच गोष्टींवर. म्हणून हे सगळं घड्याळाच्या क्रमानं सांगतोय.

एक आधीच सांगून ठेवतो, १ जुलै २०२४ पासून जुनं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) गेलं आणि त्याजागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, सगळे बीएनएसएस म्हणतात. कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पोस्टमध्ये ४१ए, १५१, १६७ असलं काही असेल तर ते आता अनुक्रमे ३५(३), १७० आणि १८७ आहे. खाली नवीनच नंबर दिलेत.

पहिला प्रश्न : मला अटक करताय का?

शांतपणे, पण स्पष्ट विचारा. नुसतं "चौकशीसाठी" म्हणत असतील तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि त्यातही महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० च्या वरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी माणसं यांना स्टेशनला बोलावताच येत नाही, पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचं. (ते स्वतःहून यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी.)

गुन्हा अदखलपात्र असेल, ज्याला आपल्याकडे सगळे एनसी म्हणतात, तर वॉरंट नसताना अटक करता येत नाही. अपवाद एकच लक्षात ठेवा, त्यांच्यासमोर असा गुन्हा घडला किंवा तसा आरोप झाला आणि तुम्ही नाव-पत्ता सांगायलाच नकार दिला किंवा खोटा सांगितला तर ते खात्री करण्यापुरती अटक करू शकतात. म्हणून नाव आणि पत्ता खरा सांगायचा, तिथे गप्प बसण्यात काही अर्थ नाही.

आणि व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्म घालून कुणी "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय, कॅमेरा बंद करू नका" म्हणत असेल तर फोन कट करा आणि १९३० वर कळवा. कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. कुठलाही खरा पोलीस व्हिडिओवर अटक करत नाही आणि अटक टाळायला पैसे ट्रान्सफर करायला लावत नाही. शिकलेली, रिटायर्ड माणसं यात आयुष्याची कमाई घालवून बसलीत, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा.

सात वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर आधी नोटीस

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण निम्मी भीती इथेच कमी होते. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात एफआयआरमध्ये नाव आलं की लगेच अटक, असं नाही. अटक का गरजेची आहे (पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल वगैरे) हे पोलिसांना लिहून दाखवावं लागतं, आणि गरज नसेल तर कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार केसमध्ये २०१४ ला हे ठणकावून सांगितलं, २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात परत सांगितलं. २०२३ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं एका गाजलेल्या बँक कर्ज प्रकरणात नोटिशीला प्रतिसाद देऊन हजर झालेल्या माजी बँक प्रमुखांची अटकच कायद्याला धरून नाही म्हटलं आणि सोडलं. म्हणजे हा नियम नुसता पुस्तकात पडून नाहीये.

नोटीस आली तर काय करायचं? जायचं. दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला जायचं, शक्यतो वकिलाला घेऊन, आणि आपण हजर झालो याची पोच घ्यायची, निदान नोटिशीच्या आपल्या कॉपीवर वेळ आणि सही तरी. कारण तुम्ही नोटीस पाळताय तोपर्यंत अटक करायची तर त्यांना वेगळी कारणं लिहावी लागतात, आणि तुम्ही दांडी मारली की तेच अटकेचं कारण होतं. तारखेला खरंच जमत नसेल, आजारपण, परीक्षा, काहीही, तर लेखी अर्ज देऊन पुढची तारीख मागा. ही नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, पण म्हणून मेसेज बघून दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत उत्तर द्या की रीतसर नोटीस द्या, आम्ही हजर राहतो. अटकेची भीती खरी वाटत असेल आणि गुन्हा अजामीनपात्र असेल तर याच टप्प्यावर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन कोर्टात किंवा हायकोर्टात करता येतो.

प्रत्यक्ष अटक होताना

सगळ्यात आधी, झटापट करू नका. अटक शंभर टक्के चुकीची असली तरी हात झटकणं, धक्का देणं, पळणं यातलं काहीही करू नका, कारण मग मूळ केस राहते बाजूला आणि सरकारी कामात अडथळ्याचं कलम (पूर्वीचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेतलं १३२) वेगळं लागतं. तोंडानं एवढंच म्हणा की मला ही अटक मान्य नाही पण मी विरोध करत नाहीये.

मग बघा, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी आहे का. कलम ३६ प्रमाणे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख हवीच. साध्या कपड्यात असतील तर ओळखपत्र दाखवायला सांगा. नाव, हुद्दा, स्टेशन आणि वेळ डोक्यात ठेवा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगा. मोबाईलमध्ये स्वतःलाच मेसेज टाकला तरी चालेल, त्यावर वेळ आपोआप पडते.

त्यानंतर अटक पंचनामा, म्हणजे अटकेचा मेमो. तो अटक करतानाच तयार व्हायला हवा, त्यावर तारीख, वेळ हवी आणि निदान एका साक्षीदाराची सही हवी जो घरचा असेल किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस, आणि खाली तुमची सही. हे सगळं सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू केसमध्ये डिसेंबर १९९६ ला घालून दिलं, आता ते कायद्यातच आलंय. सही करायच्या आधी वेळ वाचा. सकाळी दहाला उचललं आणि मेमोवर संध्याकाळी सात लिहिलंय असं दिसलं तर भांडत बसू नका, सही करताना बाजूला आपल्या हातानं "सकाळी १० वाजता ताब्यात घेतले" असं लिहा. लिहू दिलं नाही तर कोर्टात पहिलं वाक्य हेच बोला. मुंबई हायकोर्टानं १९९० सालीच म्हटलंय की कागदावर अधिकारी काय वेळ टाकतो त्याला अर्थ नाही, माणसाचं फिरण्याचं स्वातंत्र्य जिथे थांबलं तिथून अटक सुरू.

आता अटकेची कारणं. कलम ४७ आणि संविधानाचं २२(१) दोन्ही म्हणतात की का अटक केली ते सांगायलाच हवं. पूर्वी "तोंडी सांगितलं होतं" म्हणून वेळ मारून नेली जायची. ती सोय आता राहिलेली नाही. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांत ईडी आणि यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) यांच्या केसेससाठी लेखी कारणं सक्तीची झाली, फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात कारणं न कळवल्यास अटकच बेकायदा ठरते असं आलं, आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला आपल्याच मुंबईतल्या वरळीच्या गाडीखाली चिरडल्याच्या केसवरून, मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की कुठलाही गुन्हा असो, कारणं लेखी द्या आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्या. तिथल्या तिथे देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी हातात पडलंच पाहिजे.

इथे एक पळवाट असते ती ओळखून ठेवा. छापील फॉर्मवर "तपास योग्य रीतीनं व्हावा म्हणून, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून" अशी वाक्यं असतात, ती कुणालाही लागू पडतात. तुमच्या अटकेची कारणं म्हणजे तुम्ही नेमकं काय केलं असा आरोप आहे, कधी, कुठे, तुमचा त्याच्याशी काय संबंध. ते नसेल तर कारणं मिळाली असं होत नाही, आणि ही हरकत पहिल्याच रिमांडला घ्या, दोन महिन्यांनी आठवून घेतली तर कोर्ट विचारणार की इतके दिवस का गप्प होता.

घरच्यांना कळवणं हाही हक्कच आहे, उपकार नाही. कलम ४८ प्रमाणे तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला, मित्राला किंवा कुठल्याही माणसाला अटक झाल्याचं आणि कुठे ठेवलंय हे पोलिसांनी लगेच कळवायचं आणि कुणाला कळवलं याची नोंद ठेवायची. एक फोन नंबर पाठ असू द्या. मोबाईल काढून घेतल्यावर स्वतःच्या बायकोचा नंबरही आठवत नाही अशी आपली सगळ्यांचीच अवस्था आहे.

बेड्या सरसकट घालता येत नाहीत. नव्या कायद्यात कलम ४३(३) खाली ठरावीक लोकांसाठी परवानगी आहे, सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, किंवा खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, दहशतवाद, ड्रग्ज, संघटित गुन्हेगारी असे गंभीर गुन्हे. साध्या मारामारीत किंवा पैशाच्या भांडणात बेड्या घालून गावातून फिरवलं तर तो मुद्दा कोर्टात मांडायचा.

अंगझडतीत पाकीट, घड्याळ, फोन, चेन जे घेतील त्याची पावती मागा, कलम ४९ मध्ये तसं लिहिलंच आहे. घराची झडती घेतली तर कलम १०५ नुसार तिचं व्हिडिओ शूटिंग व्हायला हवं आणि जप्तीच्या यादीवर पंचांच्या सह्या हव्यात.

स्टेशनच्या आत

बोलायचं किती? नाव, पत्ता, घरी कुणाला कळवायचं, आजार आणि औषधं, एवढं सांगा. गुन्ह्याबद्दल विचारलं की एकच उत्तर : वकिलांशी बोलल्यावर बोलेन. संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि गप्प राहिला म्हणजे गुन्हा कबूल असा अर्थ होत नाही. पण खोटं बोलू नका. गप्प बसणं हा हक्क आहे, खोटी गोष्ट रचणं हा नाही, आणि एकदा रचलेली गोष्ट खटला संपेपर्यंत गळ्यात पडते. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, सेल्वी निकाल, २०१०. बोटांचे ठसे आणि फोटो मात्र २०२२ च्या कायद्यानं घेता येतात, त्याला नाही म्हणू नका.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही (भारतीय साक्ष अधिनियम कलम २३), हे बऱ्याच लोकांना माहीत असतं आणि म्हणून ते बिनधास्त सही करून टाकतात. इथेच गडबड होते. तुम्ही सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, चाकू, फोन, चोरीचा माल, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. त्यासाठी पंचांसमोर मेमोरँडम पंचनामा करतात, त्यावर तुमची सही घेतात. जे बोललाच नाहीत त्यावर सही करायची नाही. तपासातल्या जबाबावर सही करावी लागतच नाही, कलम १८१ म्हणतं की तो लिहून घेतला तरी त्यावर सही घ्यायची नाही. कोऱ्या कागदावर तर काहीही झालं तरी नको. लिहिता-वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, समजलं नाही तर "समजलं नाही" हेच लिहायला लावा.

वकिलाला भेटायचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, चौकशी चालू असतानाही, फक्त पूर्ण वेळ शेजारी बसू देतीलच असं नाही. वकिलाचे पैसे नसतील तर घाबरू नका. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटला "मला वकील नाही, वकील द्या" म्हटलं की त्यांनी द्यायलाच हवा.

मेडिकल तपासणी अटकेनंतर लगेच व्हायला हवी, कलम ५३. डॉक्टरकडे नेतात तेव्हा पोलीस दारात उभा असतो, समोर डॉक्टर घाईत असतो, आणि "काही त्रास?" ला आपण "नाही" म्हणून मोकळे होतो. असं करू नका. मारहाण झाली असेल तर कुठे, कशानं, कधी हे सांगा, शर्ट वर करून दाखवा, लिहून घ्यायला लावा. त्या रिपोर्टची कॉपी तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्याला मिळायला हवी. कोठडी वाढली तर दर ४८ तासांनी परत तपासणी, हे बसू निकालातलं आहे. डायबेटिस, बीपी, फिट्स काही असेल तर तेही नोंदवून घ्या, आतल्या माणसाच्या तब्येतीची जबाबदारी कलम ५६ नं ताब्यात ठेवणाऱ्यावरच टाकलीय.

रात्रभर जागं ठेवून जबाब घेणं हेही चूकच. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं ईडीच्या एका प्रकरणात, ज्यात ज्येष्ठ नागरिकाचा जबाब मध्यरात्रीनंतरपर्यंत घेतला होता, स्पष्ट म्हटलं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे.

चोवीस तास आणि मॅजिस्ट्रेट

अटकेपासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे. रविवार, दिवाळी, गणपती विसर्जन, काहीही असो, सुट्टीच्या दिवशी सुट्टीचं कोर्ट असतं. याला अपवाद एमपीडीएसारख्या कायद्याखालच्या प्रतिबंधक स्थानबद्धतेचा (पुढे गुन्हा करेल म्हणून आधीच आत ठेवणं), तिथे नियमच वेगळे. आपल्याकडे चालणारी चॅप्टर केस, म्हणजे शांतता बिघडू नये म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई, वेगळी. भांडण होईल म्हणून कलम १७० खाली उचललं तरी २४ तासांच्या पुढे ठेवायला कायद्याचा वेगळा आधार लागतो.

मॅजिस्ट्रेटपुढचे ते दोन-तीन मिनिटं फार मोलाचे असतात. साहेब किंवा मॅडम विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" बहुतेक माणसं खाली मान घालून "नाही" म्हणतात, कारण मागे तोच पोलीस उभा असतो आणि पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला तर परत त्याच्याच हातात जायचंय. भीती खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण तक्रार नोंदवली की उलट संरक्षण वाढतं, कारण मग नवीन मेडिकलचा आदेश होऊ शकतो आणि त्यानंतर अंगावर पडणाऱ्या प्रत्येक खुणेचा जाब विचारला जातो. पोलिसांसमोर बोलवत नसेल तर त्यांना बाहेर पाठवायची विनंती करा. खरी अटक कधी झाली, कारणं लेखी मिळाली का, घरी कळवलं का, मारलं का, वकील आहे का, हे बोला आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) लिहून घ्यायची विनंती करा. पोलीस कोठडीसाठी पहिल्यांदा नेताना माणूस प्रत्यक्ष उभा करावा लागतो, व्हिडिओवर भागवता येत नाही.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, फक्त नव्या कायद्यात ती तुकड्यातुकड्यानं, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत पसरून मागता येते. बाकी वेळ एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. आणि ६० दिवसांत (दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप, फाशी असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत) चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. यूएपीए, मकोकासारख्या कायद्यांत ही मुदत वाढवून मागता येते. पण अर्ज करावा लागतो, तोही चार्जशीट दाखल व्हायच्या आधी. हा दिवस वकिलावर न सोडता घरातल्या कुणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गुन्हा जामीनपात्र असेल तर एवढं लांबतच नाही, स्टेशनातच जामीन मिळतो आणि तो द्यावाच लागतो, कलम ४७८. जामीनदार नसल्यामुळे आठवडाभरात सुटता आलं नाही तर गरीब समजून स्वतःच्या बाँडवर सोडायची तरतूद आहे.

महिला, मुलं, ज्येष्ठ

महिलेला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात अटक नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी रिपोर्ट करून मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. अंगझडती महिलेकडूनच, मेडिकल महिला डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखाली, लॉकअप वेगळं. १८ च्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे २४ तासांत न्यायचं, म्हणून वयाचा दाखला घेऊन आधी पळा. आणि ६० च्या वरचं किंवा आजारी माणूस असेल आणि गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर डीवायएसपीच्या परवानगीशिवाय अटक नाही, हे कलम ३५(७) नवीन आहे, स्टेशनातसुद्धा आठवण करून द्यायला लागू शकते.

घरच्यांनी काय करायचं

स्टेशनला दोघांनी जा, एकट्यानं नको. विचारा : एफआयआर नंबर काय, कलमं कोणती, तपास अधिकारी कोण, कुठल्या कोर्टात किती वाजता नेणार. सोबत औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, कपडे, आणि वकिलाकडून वकीलपत्र, ज्यावर आतल्या माणसाची सही घ्यायची असते. एफआयआर संवेदनशील नसेल तर पोलिसांच्या वेबसाईटवर टाकावी लागते, तिथून डाऊनलोड करा.

"आमच्याकडे असा कुणी नाहीये" असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक स्टेशनात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो, नावं बोर्डावर लावायची असतात. एसपी किंवा कमिशनर ऑफिसला लगेच ईमेल करा, कंट्रोल रूमला फोन करा, दोन्हीची वेळ पुढे पुरावा होते. तरीही पत्ता लागला नाही तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज. हायकोर्ट मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच आहे, त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकडच्यांना मुंबई गाठायची गरज नाही.

सुटल्यावर मारहाणीबद्दल किंवा बेकायदा अटकेबद्दल दाद मागायची असेल तर राज्य मानवी हक्क आयोग, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि कोर्ट असे रस्ते आहेत. कबुलीसाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण यातलं काहीही करायच्या आधी एक अर्ज स्टेशनच्या सीसीटीव्ही फुटेजसाठी द्या. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सगळ्या स्टेशनांत, लॉकअपच्या बाहेर, व्हरांड्यात, गेटवर कॅमेरे आणि १८ महिने रेकॉर्डिंग, तसली यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर, असा आदेश दिलाय. अर्जात तारीख, तासांची वेळ आणि कुठल्या कॅमेऱ्याचं हवं ते लिहा, फुटेज जपून ठेवा असंही लिहा, दोन कॉपी काढा आणि एकीवर शिक्क्यासकट पोच घ्या. स्टेशनात घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं एसपींकडे पाठवा आणि वकिलाला सांगून त्याच आठवड्यात कोर्टातही तोच अर्ज टाका.